शाळेच्या दारात रडणाऱ्या मुलाची भीती मोजता येते का? ताराबाई मोडक यांच्या कामात सापडणारं उत्तर

जून महिन्यात कुठल्याही बालवाडीच्या दारात अर्धा तास उभं राहून पाहा. मलकापुरातही (कराडला लागून असलेलं मलकापूर, बुलढाण्याचं नव्हे) तेच दृश्य दिसतं. पलीकडे पुणे-बेंगळुरू महामार्गावरून ट्रक धडधडत जात असतात आणि आतल्या गल्लीत तीन-साडेतीन वर्षांची मुलं आईचा पदर किंवा बाबांची पँट घट्ट धरून भोकाड पसरत असतात. यंदा भाचीला सोडायला मीही गेलो होतो.

भाची दोन मिनिटांत आत गेली, मामाकडे वळूनही पाहिलं नाही. माझं लक्ष मात्र दुसऱ्या दोन मुलांनी वेधलं. एका मुलाने गेट दिसताच जमिनीवर लोळण घेतली. बाईंनी त्याला अक्षरशः उचलून आत नेलं. दहा मिनिटांनी खिडकीतून पाहिलं तर तो ठोकळ्यांची गाडी करून जमिनीवर पळवत होता. शेजारची मुलगी अजिबात रडली नव्हती. ती फक्त दर दोन मिनिटांनी बाईंना विचारत होती, आई कधी येणार? बाई सांगायच्या, ती गप्प व्हायची आणि पुन्हा तोच प्रश्न. दप्तर तिने शेवटपर्यंत पाठीवरून उतरवलं नाही.

या दोघांमध्ये जास्त घाबरलेलं कोण? कानांनी मोजलं तर पहिला मुलगा. पण ज्या गोष्टीला मानसशास्त्रात अनिश्चितता सहन न होणं म्हणतात, ती या गप्प मुलीतच जास्त दिसत होती.

ही गोष्ट मोजायची कशी, यावर आज जगभर प्रश्नावल्या आहेत. मराठी मुलुखात मात्र या प्रश्नाशी सगळ्यात जास्त वर्षं झगडलेल्या व्यक्तीचं नाव आहे ताराबाई मोडक. त्यांनी एकही प्रश्नावली तयार केली नाही. तरीही त्यांच्या आयुष्याची गोष्ट इथे सांगण्याचं कारण आहे. त्याआधी हे मोजमाप काय असतं ते थोडक्यात पाहू.

अनिश्चितता मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

भीती आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुत्रा अंगावर आला तर वाटते ती भीती. त्या गल्लीत कुत्रा असेल की नसेल हे ठाऊक नसल्यामुळे गल्लीच टाळावीशी वाटणं, ही अनिश्चितता न सोसण्याची खूण.

मुलांमधला हा फरक टिपण्याचा एक जुना प्रयत्न अमेरिकेतल्या बर्कली इथे एल्स फ्रेंकेल-ब्रुन्सविक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केला. १९४९ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. मुलांना कुत्र्याचं चित्र दाखवायचं, मग पुढच्या प्रत्येक चित्रात थोडा थोडा बदल करत शेवटी मांजर करायचं. मधली चित्रं धड कुत्र्याची नाहीत, धड मांजराची नाहीत. काही मुलं हा बदल लवकर मान्य करतात, काही शेवटपर्यंत कुत्राच आहे म्हणून अडून बसतात. संदिग्ध गोष्ट समोर आली की मन काय करतं, याची ती एक मोजणी होती.

पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोठ्यांसाठी २७ विधानांची मोजपट्टी केली. २००९ मध्ये अमेरिकेत जोनाथन कोमर आणि सहकाऱ्यांनी ती ७ ते १७ वयाच्या मुलांसाठी बदलून घेतली. मुलाने प्रत्येक विधान वाचून ते आपल्याला किती लागू पडतं, यासाठी १ ते ५ पैकी एक आकडा निवडायचा. पालकांसाठी त्याचंच वेगळं रूप आहे. सगळ्या आकड्यांची बेरीज जितकी जास्त, तितकं त्या मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक नसणं जड जातं.

यातली अडचण तुमच्या लक्षात आली असेल. बालवाडीतलं मूल तीन वर्षांचं असतं. त्याला वाचता येत नाही, एक ते पाच या पट्टीचा अर्थही कळत नाही. त्याची भीती वाचायची तर बघण्यावाचून दुसरा मार्ग नाही. ताराबाईंचं जवळपास अर्धशतकाचं काम या बघण्याभोवती उभं आहे.

अमरावतीची वकिलीण ते राजकोटच्या प्राचार्य

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरचं वातावरण सुधारकी. मुलींनी शिकणं ही ज्या काळात बातमी होती, त्या काळात, १९१४ मध्ये, ताराबाई मुंबई विद्यापीठातून बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झालं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की इथून पुढचं आयुष्य ठरलेलं होतं. तसं झालं नाही. संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. पदरात प्रभा नावाची लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, लेकीला घेऊन, नोकरी शोधत परप्रांतात जाणं म्हणजे काय असेल, याची कल्पना आज करणं अवघड आहे. रत्नाकर मतकरी यांचं ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या याच आयुष्यावर बेतलेलं आहे.

त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळालं. पगार होता, मान होता. इथेच थांबल्या असत्या तर शिक्षणाच्या इतिहासात त्यांच्या नावाची एखादी ओळ आली असती.

पण प्रभाला शिकवायचं कसं, हा प्रश्न घरातच होता. बालशिक्षणाबद्दल वाचत असताना त्यांना भावनगरच्या एका प्रयोगाची माहिती मिळाली. १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून त्या लेकीला घेऊन तिकडे गेल्या.

भावनगरला त्या काय शिकल्या?

भावनगरला नानाभाई भट्ट यांची दक्षिणामूर्ती ही संस्था होती. तिथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कुठल्या शाळेत घालावं या काळजीतून ते मारिया मॉन्टेसरी यांच्या पुस्तकापर्यंत पोहोचले आणि वकिली सोडून बालवाडीत येऊन बसले. गुजरातेत त्यांना लोक मूछाळी मा, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. गिजुभाई आणि ताराबाई, दोघांनाही या वाटेवर आणलं ते त्यांच्या स्वतःच्या मुलांनी.

मॉन्टेसरी पद्धत म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना महागडी लाकडी खेळणी आणि त्याहून महागडी फी आठवते. तिचा गाभा वेगळा आहे. मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा त्यांनी शिक्षिकेला दिलेलं पहिलं काम शिकवण्याचं नव्हतं, निरीक्षणाचं होतं. एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दंडगोल भोकांत बसवण्याचा खेळ चाळीसहून अधिक वेळा सलग करत राहिली, ही त्यांची प्रसिद्ध नोंद आहे. पुढे त्या मुलांच्या एकाग्रतेचे चक्क आलेख काढू लागल्या. आडव्या अक्षावर वेळ, मध्ये विश्रांतीची एक रेष, मूल कामात बुडालं की आलेख रेषेच्या वर, अस्वस्थ झालं की खाली. माझ्यासारख्या इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. रडण्या-हसण्याचाही आलेख असू शकतो, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

भावनगरच्या बालमंदिरात मारणं नव्हतं, बक्षीस नव्हतं, पहिला-दुसरा नंबर नव्हता. भीती आणि आमिष ही दोन्ही काढून टाकल्यावर मूल काय करतं, हे तिथे पाहता येत होतं. घाबरवून गप्प बसवलेल्या वर्गात भित्रं मूल आणि शांत मूल एकसारखंच दिसतं. धाक उठला की ती दोन मुलं वेगळी दिसू लागतात.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ हे संघाचं मासिक. मराठी शिक्षणपत्रिकेचं संपादन ताराबाईंनी अनेक वर्षं केलं. त्यात त्यांचा वाचक शिक्षक होता आणि पालकही. मुलाला बागुलबुवाची, पोलिसाची, बुवाजीची भीती घालू नका, हे आज कुणी इन्स्टावर सांगितलं की नवं वाटतं. ही माणसं ते शंभर वर्षांपूर्वी घरोघर पोहोचवत होती.

दादरहून बोर्डीला का गेल्या?

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झालं. बालवाडी आणि तिच्या जोडीला शिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिर. मध्यमवर्गीय मराठी घरांत बालवाडी ही गोष्ट रुजली त्यात या शाळेचा मोठा वाटा आहे. पुढे १९३९ मध्ये मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकून पडल्या, तेव्हा त्यांच्या पद्धतीवर मराठीत आणि गुजरातीत काम करणाऱ्या शाळा आधीच उभ्या होत्या.

दादरचं काम चांगलं चाललं होतं. पण ते शहरातल्या, पोट भरलेल्या मुलांपुरतं होतं. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ मध्ये, ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताई १९१० सालच्या, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. उद्या काय होणार हे ठाऊक नसणं म्हणजे काय, हे या दोन्ही बायकांना कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा नीट माहीत होतं.

आणि बोर्डीत त्यांची पद्धत अडली.

गावातल्या बालवाडीत सवर्णांची मुलं आली. दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची आदिवासी मुलं येईनात. सरळ हिशेब असा निघाला असता की ही मुलं बुजरी आहेत, मागास आहेत, त्यांना शिक्षणाची गोडी नाही. अनेक शाळांनी आजवर हाच हिशेब मांडला आहे.

ताराबाईंनी हिशेब कसा बदलला?

इथे मला माझ्या कॉलेजातली एक गोष्ट सांगू द्या. प्रयोगशाळेत लोखंडी सळई यंत्रात धरून ओढतात. ती किती ताणली गेली हे मोजतात. पण त्या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नसतो. सळईवर भार किती टाकला होता, ते आधी माहीत हवं. दोन सळयांवर वेगवेगळा भार टाकून, जी जास्त ताणली गेली तिला कमकुवत ठरवलं, तर सर वहीवर लाल रेघ मारतात.

मुलांच्या बाबतीत ही चूक आपण रोज करतो. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या मुलाला बालवाडीत काय नवं असतं? फक्त आई शेजारी नाही, एवढंच. भाषा घरचीच, बाई आईसारखीच नेसणारी, खाऊ ओळखीचा. पाड्यावरच्या वारली मुलाला काय नवं असतं? भाषा, कपडे, भिंती, छप्पर, बसण्याची रीत, आणि ज्या गावातल्या माणसांसमोर आपले आईबाप खाली मान घालून उभे राहतात, त्याच गावात जाऊन बसणं. मुलगा लाजाळू आहे असं म्हणण्याआधी त्याच्यावर किती अनोळखीपणा लादला आहे, हे मोजायला हवं.

बोर्डीत ताराबाई आणि अनुताईंनी हा भारच कमी केला. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. बाई पाड्यावर जाऊ लागल्या. मूल आपल्याच झोपडीसमोर, आजी दारात बसलेली, कोंबड्या पायात, अशा जागी खेळू लागलं. लाकडी साधनांऐवजी शंख-शिंपले, दगडगोटे, पानं, बिया, फुलं. मोजायला शिकायचं तर चिंचोक्यांनी, रंग शिकायचे तर पानाफुलांनी. यात खर्च वाचला हे खरंच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलाच्या हातात येणारी प्रत्येक वस्तू त्याला आधीपासून ठाऊक असलेली होती. नवी होती ती एकच गोष्ट, त्या वस्तूशी करायचा खेळ.

अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. या शब्दाचं आणि कल्पनेचं श्रेय ताराबाईंना दिलं जातं. आज आपण तो शब्द इतका सरकारी अर्थाने वापरतो की त्यात अंगण आहे हेच विसरलो आहोत.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून शाळा बुडवणारी मुलगी भावंडासकट शाळेत येऊ शकली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाल्या, जिथे गुरं चरतात तिथेच शाळा.

हे सगळं अगदी गोड होतं असंही समजू नका. शहरातून आलेल्या शिक्षिका मुलांना आधी आंघोळ घालत, केस विंचरत, नखं कापत. त्यामागचा हेतू आरोग्याचा होता. पण परक्या बाईने पाणी ओतणं हाही त्या लेकराला अनोळखी अनुभवच. स्वच्छतेच्या मध्यमवर्गी कल्पना शाळेसोबत पाड्यावर गेल्या, हा मुद्दा नाकारता येत नाही. फरक इतकाच की हे होत होतं मुलाच्या ओळखीच्या लोकांसमोर, आणि बाई रोज तीच होती.

मग मोजलं काय?

मूल अंगणात किती दिवसांनी आपणहून आलं. आल्यावर कडेला किती वेळ उभं राहिलं. वस्तूला हात कधी लावला. आजीकडे किती वेळा पळत गेलं आणि परत आलं का. निरीक्षण करणारी बालवाडी शिक्षिका ज्या खुणा बघते, त्या अशा असतात. या परंपरेत तयार झालेली बाई दिवसभर काही फार बोलत नाही, पण तिला प्रत्येक मुलाचं असं गणित तोंडपाठ असतं.

विशेष म्हणजे पुढे प्रयोगशाळेतलं मानसशास्त्रही याच खुणांकडे आलं. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या घरांमध्ये जाऊन आई आणि बाळांचं निरीक्षण केलं. मग साठच्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात त्यांनी एक प्रयोग बसवला. वर्ष-दीड वर्षाचं मूल आणि आई एका अनोळखी खोलीत. थोड्या वेळाने एक परकी बाई येते, आई जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. आठ टप्पे, सगळा खेळ साधारण वीस मिनिटांचा. संशोधक बाहेरून टिपत राहतात.

या प्रयोगातून निघालेली कळीची गोष्ट अशी की आई गेल्यावर मूल किती रडलं, यावरून फारसं कळत नाही. आई परत आल्यावर मूल काय करतं ते पाहायचं. तिच्याकडे धावतं, शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं का? की चिकटून बसतं, रागावतं, शांतच होत नाही? की तिच्याकडे पाहतही नाही? गेटवर लोळण घेऊन दहा मिनिटांत गाडी पळवणारा तो मुलगा आठवा.

डोळ्यांनी मोजणं पुरेसं आहे का?

नाही. ताराबाईंच्या कामाबद्दल कितीही आदर असला तरी हे म्हणावं लागेल.

बाईंच्या डोक्यातलं गणित बाईंबरोबर निवृत्त होतं. एका गावच्या शिक्षिकेला जे मूल हळवं वाटलं ते दुसरीला हट्टी वाटू शकतं. शंभर मुलांतल्या किती जणांना खरंच मदत हवी आहे, गेल्या वर्षीपेक्षा यंदा परिस्थिती सुधारली की बिघडली, एखादा उपाय लागू पडला का, ही उत्तरं नुसत्या निरीक्षणाने मिळत नाहीत. शिवाय दप्तर न उतरवणारी ती गप्प मुलगी चाळीस मुलांच्या वर्गात सहज नजरेतून सुटते. ती त्रास देत नाही, म्हणून तिला काही त्रास आहे हेही कुणाला कळत नाही. प्रश्नावली अशाच मुलांना शोधायला उपयोगी पडते, निदान ती सात-आठ वर्षांची झाल्यावर.

पण प्रश्नावलीचंही एक पथ्य आहे. इंग्रजी विधानं मराठीत आणली की काम झालं असं नसतं. अनिश्चितता हा शब्द दुसरीतल्या मुलाला कळतो का? मराठीत केलेलं वाक्य दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घेऊन मूळ अर्थ टिकला का ते पाहावं लागतं. त्याच मुलाला पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं तर साधारण तेच उत्तर येतं का, तेही तपासावं लागतं. आणि मूल व पालक यांची उत्तरं अनेकदा जुळत नाहीत. आईला मूल खुशाल दिसतं, मुलाच्या कागदावर वेगळंच असतं. अशा वेळी दोन्ही कागद ठेवायचे, एक फाडायचा नाही.

एक व्यवहाराची गोष्ट पालकांसाठी. आई कधी येणार या प्रश्नाला दर वेळी नवं आश्वासन दिलं की त्या क्षणापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी आणखी आश्वासन लागतं. त्यापेक्षा घड्याळाऐवजी दिवसाचा क्रम सांगणं मुलांना समजतं: गाणं, मग खेळ, मग डबा, मग आई. क्रम रोज तोच ठेवायचा. न सांगता, नजर चुकवून पळ काढायचा नाही. आई कुठल्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, एवढंच मूल त्यातून शिकतं. सुरुवातीचे दिवस रडू येणं स्वाभाविक आहे. चार आठवडे उलटूनही आईपासून दूर होताना तशीच घबराट राहिली, झोप किंवा खाणं बिघडलं, पोटदुखीची तक्रार रोज सकाळीच होऊ लागली, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे पालकही फोन करू शकतात.

शेवटची वर्षं आणि त्यानंतर

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. हे नाव देशभर गेलेलं त्यांनी पाहिलं नाही. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्याही गेल्या.

सातारा-सांगली पट्ट्यात आजही त्या जुन्या हिशेबाची आठवण करून देणारी मुलं दर हिवाळ्यात येतात. उसाचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांची कुटुंबं कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून राहतात. सोबत तीन-चार वर्षांची लेकरं असतात. ती अर्धं वर्ष एका गावात आणि अर्धं वर्ष उसाच्या फडाकडेला काढतात. पुढच्या महिन्यात आपण कुठे असू, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्या थोरल्या भावंडांसाठी साखरशाळा निघाल्या, त्यामागचा विचार कुरणशाळेचाच: जिथे मुलं तिथे शाळा. अशा मुलाला गावातल्या अंगणवाडीत आणून बसवलं आणि ते कोपऱ्यात गप्प राहिलं, तर त्याच्या नावापुढे लाजाळू एवढंच लिहिणार का, हा प्रश्न १९४५ च्या बोर्डीतला आहे आणि या नोव्हेंबरचाही.

अंगणवाडीत आज वजनकाटा आहे, उंची मोजायची पट्टी आहे. सेविका दर महिन्याला आकडे मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरते. मूल कमी वजनाचं निघालं तर ते लगेच दिसतं आणि त्यावर हालचाल होते. मूल किती घाबरलं आहे, याचा असा कुठलाही सोपा आकडा नाही. ते सेविकेला दिसतं की नाही, यावर अवलंबून असतं, आणि तिच्याकडे त्यासाठी दिवसातला किती वेळ उरतो यावरही.

दोन आठवड्यांनी भाचीला आणायला पुन्हा गेलो. लोळण घेणारा मुलगा गेटवर अजूनही रडतो, पण आता रडताना बूटही स्वतः काढतो, असं बाई हसत म्हणाल्या. दुसऱ्या मुलीबद्दल मी विचारलं. दप्तर तिने नवव्या दिवशी उतरवलं. बाईंना दिवस मोजून ठाऊक होता.